स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
१२ मार्च २००६

दादा,

नमस्कार. आधी ख्यालीखुशाली विचारावी, मग मुद्द्यावर यावं, हे मला शिकवलेलं आहे. पण तुझं कुरिअर उघडल्यापासून माझी खुशाली ठिकाणावर नाही. म्हणून थेट मुद्द्यावरच येते.

पाकिटातून दोन साड्या निघाल्या. एक अंजिरी, एक हिरवी. सविता वहिनीची निवड मी लांबूनही ओळखते. जीव सुखावला अगदी. संजीवला हाक मारून दाखवल्या, की बघ, मार्च महिन्यात, ना सण ना वार, भावाला बहिणीची आठवण आली. नवरा पडला अकाउंटंट, त्यानं घडी हलवून बघितली आणि म्हणाला, आत कागद आहेत. हक्कसोडपत्र. तेही दोन. एक माझ्या नावाचं आणि एक आपल्या ऋग्वेदाच्या.

माझ्या नावाचं कधी ना कधी येणार हे मला ठाऊक होतं. आपल्या गावात भाऊ साडी नेसवतो, बहीण सही करते आणि मग सगळे अळूचं फदफदं आणि जिलबी जेवतात. आत्यानं केलं, आईनंही तिच्या माहेरी केलं. मला राग आला नसता असं नाही, पण मी तो गिळला असता. दादा, ऋग्वेदाचं काय? ती तुझी पोटची मुलगी. एकवीस वर्षांची. माझ्याकडे राहून युनिव्हर्सिटीत शिकते आहे. तिनं अजून जगात कशावरच हक्क सांगितलेला नाही, आणि तू आत्ताच तिच्याकडून तो सोडवून घेतोयस? गेल्या सप्टेंबरात कायदा बदलला, मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. सरकारला द्यायला पन्नास वर्षं लागली. तुला काढून घ्यायला सहा महिने पुरले.

तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ आहे. 'सातबारा मोकळा करून ठेवतो, दोघींनी तिथल्या भारतीय हाय कमिशनमध्ये सह्या करून पाठवा.' मोकळा कशासाठी, ते नाही.

आणि त्या कागदातली भाषा. 'भावावरील नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना, शांत चित्ताने.' ही खुशी कोणाची रे? तुझ्या वकिलानं रत्नागिरीत बसून माझी खुशी टाइप केली, माझं चित्त शांत केलं आणि कुरिअरनं पाठवून दिलं. मला विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

माझ्या डोक्यात तिडीक जायला आणखी एक कारण झालं, तेही सांगते. तुला माहीत आहे, मी इथं जर्मन कंपनीत भाषांतरं करते. रोज कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला जायचं, गळ्यात पास अडकवायचा आणि दिवसभर 'झडप उघडण्यापूर्वी दाब तपासा' असलं लिहायचं. आमच्या प्लँटचे प्रमुख, हेर म्हणजे श्रीयुत लिंडश्टाइग, वर्षअखेर निवृत्त होतायत. घराणं सरदारांचं. त्यांनी त्यांच्या साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या मूळपुरुषाचं, रूडिगर फॉन लिंडश्टाइग याचं चरित्र लिहिलंय. नातवंडं इथं जन्मली, त्यांना जर्मन येत नाही, म्हणून मी ते इंग्रजीत करून देते आहे. शनिवार-रविवारचं काम.

तर या रूडिगरला दोन मुलगे आणि तीन मुली. नदीच्या दोन्ही काठांवर जमीन, तीन गावं, द्राक्षांचा एक उतार, जंगल, मासळीचं तळं, एक गिरणी आणि टेकडीवर गढी. मुलीचं लग्न ठरलं की तो तिला चर्चमध्ये न्यायचा. तिथं चांदीच्या डबीत कुठल्याशा संताचं हाड ठेवलेलं. मुलीनं त्यावर हात धरून शपथ घ्यायची, की मला हुंडा पोचला, बापाच्या जमिनीवर माझा आता काही दावा नाही. त्या दस्तातली भाषा मी परवा इंग्रजीत उतरवली. 'कोणाच्या जबरीविना, शांत मनाने, आपल्या राजीखुशीने.'

आणि दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं.

ऋग्वेदाला साडी फार आवडली. कागद बघून म्हणाली, "आत्या, इथं साइन करायची ना? पेन दे." ही पोर मोबाइलचं काँट्रॅक्ट मागून-पुढून वाचते. बाबांचा कागद तिला वाचावासा वाटला नाही, इतका तिचा तुझ्यावर विश्वास आहे. मी पेन दिलं नाही.

उर्मिला

०

९ एप्रिल २००६

दादा,

काल तू फोन आपटलास. मी पत्र लिहिते आहे, ते काही आपटता येणार नाही.

मी काय मागितलं होतं? जमीन नको. नारळ-पोफळी नकोत, आमराई नको, विहिरीचं पाणी नको. सगळं घे आणि सुखात राहा. फक्त हक्कसोडपत्रात एक ओळ घाल: माडीवरची खोली उर्मिलेला हयातभर राहायला, आणि तिच्यामागे ऋग्वेदाला. बस. यावर तू तीनदा म्हणालास, "अगं, घर तुझंच आहे, त्यात लिहायचं काय? माहेर का कोणी लिहून घेतं?"

बरं. मग सोडायचं का लिहून घेतोस? जमीन सोडते हे मी तोंडानं सांगितलं तर चालेल का तुला? मी फोनवर म्हणते, दादा, सोडली, जा. चालेल? नाही चालणार. त्याला स्टँपपेपर हवा, दोन साक्षीदार हवेत, शिक्का हवा. माझ्याकडून जे तुझ्याकडे जातं ते सगळं लेखी, आणि तुझ्याकडून माझ्याकडे येतं ते मात्र मायेचं, म्हणून तोंडी. हा कुठला न्याय?

ती खोली मला का हवी, हे तुला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. पुण्याला जर्मन शिकत होते तेव्हा सुट्टीत त्याच खोलीत टेपरेकॉर्डर लावून मी घोकत बसायची. खाली सुपारी सोलायला बसलेल्या बायका माझी नक्कल करून हसायच्या, आणि तू त्यांना दटावायचास, की माझी बहीण परदेशात जाणार आहे, हसू नका. तूच म्हणायचास ते. गेले, परदेशात गेले. सतरा मजली बिल्डिंगमध्ये राहते. खिडकीतून दुसरी सतरा मजली बिल्डिंग दिसते. संजीवनं इथलं नागरिकत्व घेतलं, त्याला इथंच राहायचं आहे. मला म्हातारपणी रोज सकाळी समुद्राची गाज ऐकायची आहे. एवढंच माझं मागणं. त्यासाठी मी कुणाच्या मेहरबानीवर, वहिनीच्या सोयीनं, सूनबाईच्या तोंडाकडे बघत यायचं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये असायला हवी.

वहिनी तुझ्या मागून बोलली ते मला ऐकू आलं. "तिला काय कमी आहे, सिंगापूरची बाई ती." नाही हो वहिनी, काही कमी नाही. कमी असतं तरच मागायचं, असं का? तुमच्या मुलाला, अंकुरला, काय कमी आहे? पुण्यात फ्लॅट आहे, गाडी आहे. त्याच्या नावाचं हक्कसोडपत्र केलंत का?

संजीव म्हणतो, सही कर आणि मोकळी हो, बहीण-भावात कोर्टकचेऱ्या शोभत नाहीत. मी म्हटलं, शोभेचं सगळं बहिणीच्याच वाट्याला का येतं.

आता ऐक, त्या जर्मन सरदारानं काय केलं होतं. रूडिगर काही मोठा उदार माणूस नव्हता. दोन गावांच्या कुरणावरून शेजारच्या मठाशी आयुष्यभर भांडला. एकदा मठाची गुरं हाकून आणली आणि नंतर पापाच्या भीतीनं त्याच मठाला तळं दान देऊन टाकलं. मोठ्या मुलीच्या लग्नात हुंडा कमी पडला, तर व्याह्याला द्राक्षांच्या उताराची तीन वर्षांची दारू लिहून दिली. असला माणूस. पण त्याच्या पहिल्या दोन मुलींच्या दस्तात शेवटी एक कलम आहे. मी दोनदा वाचलं, चुकून वाचत नाही ना म्हणून. 'ती विधवा झाली, किंवा सासरी तिचा निभाव लागला नाही, तर तिला गढीत परत येऊन राहता येईल. तिला चुलीची एक खोली, हिवाळ्याचं सरपण आणि पीठ मिळेल, आणि तिच्या भावांनी ते अडवू नये.'

दादा, साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या, गुरं चोरणाऱ्या, अक्षरशत्रू माणसानं आपल्या मुलींना माहेर लिहून दिलं होतं. तू बीएड आहेस. पस्तीस वर्षं शाळेत मास्तर होतास, मुलांना नागरिकशास्त्र शिकवलंस.

ती एक ओळ घाल. ऋग्वेदाच्याही कागदात घाल. मी त्याच दिवशी सही करते.

उर्मिला

०

१८ जून २००६

दादा,

दोन महिने पत्राला उत्तर नाही, आणि परवा मोबाइलवर मेसेज. 'माहेर हवं की खोली, ठरव.'

मी ऑफिसच्या बसमध्ये होते. चेकपॉइंटवर सगळे पास दाखवत होते, माझा पास काही सापडेना. तो गळ्यातच होता. पुढं बसलेल्या तामिळ इंजिनियरनं विचारलं, काही वाईट बातमी आहे का. मी त्याला काय सांगू? माझ्या भावानं मला दोन वस्तूंतली एक निवडायला सांगितली आहे, आणि त्या दोन वस्तू नाहीतच, एकच आहे, हे त्याला कळत नाही?

आणि ऋग्वेदाला तू फोनवर सांगितलंस, आत्यानं तुझं डोकं फिरवलंय, पुढच्या वर्षी इकडे परत ये. तुला सांगते, मी तिचं डोकं फिरवलं नाही. मी फक्त तिला कागद वाचायला दिला. तिनं वाचला. संध्याकाळी भात ढवळता ढवळता म्हणाली, "आत्या, बाबांनी मला सांगायचं ना. आस्क मी ला. मी हो म्हटलं असतं." तिला जमिनीचं काही पडलेलं नाही, दादा. तिला न विचारता तिची खुशी लिहिली, तिथं तिला लागलं. दोन वर्षांत इथल्यांसारखं बोलण्याला 'ला' लावायला शिकली आहे, पण बाकी ती अजून आपल्या अंगणातलीच आहे.

त्याच आठवड्यात माझं लिंडश्टाइगसाहेबांशीही वाजलं. रविवारी सकाळी ते ईस्ट कोस्टला सायकल चालवायला येतात, मग हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पितात. मी तिथंच त्यांना झालेली पानं नेऊन देते. या वेळी एल्सबेथचं प्रकरण होतं. एल्सबेथ म्हणजे रूडिगरची धाकटी. तिच्याबद्दल साहेबांनी आपल्या पुस्तकात फक्त एक वाक्य लिहिलंय: 'धाकटी हेकट निघाली व तिचे लग्न होऊ शकले नाही.'

आता साहेबांनीच मला दिलेल्या मूळ कागदात काय आहे ते बघ. मधल्या काळात आई वारली होती, थोरले दोघे कारभार बघायला लागले होते. एल्सबेथचं लग्न ठरलं, दस्त तयार झाला, आणि त्यातून तिचं ते खोली-सरपणाचं कलम गाळलेलं होतं. मुलग्यांनी गाळलं. ती चर्चमध्ये आली. नवरदेव होता, मठाधिपती होता, बाप होता, भाऊ होते. चांदीची डबी उघडली. मठाधिपतीनं विचारलं, राजीखुशीनं शपथ घेतेस ना? तिनं डबीवर हात धरलाच नाही. लेखनिकानं लिहून ठेवलंय: 'कुमारी एल्सबेथ म्हणाली, माझ्या बहिणींच्या कागदात जे आहे ते माझ्यात लिहा, मग मी खुशीनं म्हणेन.' त्यांनी लिहिलं नाही. वऱ्हाड परत गेलं. तिच्या हट्टापायी घराण्याचं नाक कापलं गेलं असं भावांनी सगळीकडे सांगितलं, आणि साडेसहाशे वर्षांनी त्यांचा वंशज हॉकर सेंटरला बसून तेच सांगतोय.

मी त्यांना म्हटलं, हेर लिंडश्टाइग, हे वाक्य मी इंग्रजीत करणार नाही. ते म्हणाले, फ्राउ उर्मिला, त्या काळी ही रीतच होती, सगळ्या मुली समाधानी होत्या, बघा ना, 'राजीखुशीने' असं लिहिलंय. मी म्हटलं, हो, माझ्याकडेही तसंच लिहिलेलं एक आलंय. लिहिणारा वकील मला कधी भेटलेला नाही. त्यांना काही कळलं नाही. कप उचलून निघून गेले.

नोकरी जाईल का असं संजीवनं विचारलं. जाऊ दे, म्हटलं.

उर्मिला

०

९ ऑगस्ट २००६, नारळी पौर्णिमा

दादा,

आज इथं नॅशनल डेची सुट्टी. सकाळपासून डोक्यावरून विमानं जातायत. राखी मागच्या आठवड्यातच पोस्टात टाकली होती. बांधलीस की नाही कोणास ठाऊक. बांधली नसशील तर निदान केरात टाकू नकोस, तिचा रेशमी गोंडा ऋग्वेदानं निवडला आहे.

हे पत्र तुला आनंद व्हावा म्हणून लिहिणार होते. सोमवारी आम्ही दोघी हाय कमिशनमध्ये गेलो होतो. होय, सही करायला. तुझ्या मेसेजनंतर मी दीड महिना स्वतःशी भांडले आणि हरले. संजीव म्हणाला, खोली गेली तर हॉटेलात राहशील, भाऊ गेला तर कुठे शोधशील? वहिनीचाही फोन आला होता. रडत होती, हे जेवत नाहीत म्हणाली. मग म्हटलं, झालं तेवढं पुरे. तुझी अंजिरी साडी नेसले. ऋग्वेदाला म्हटलं, तुझं तू ठरव, मी तुला सांगणार नाही. ती म्हणाली, तू करतेस तर मी पण करते.

रांग होती. पासपोर्टवाले, व्हिसावाले. आमचा नंबर आला. काचेमागे एक मध्यमवयीन गृहस्थ, उत्तरेकडचे. कागद उलटसुलट बघितले, पासपोर्ट बघितला, शिक्का हातात घेतला आणि मान वर करून मला विचारलं, "अपनी मर्ज़ी से कर रही हैं न?"

साधा प्रश्न. रोज सगळ्यांना विचारत असणार. दादा, या सगळ्या प्रकरणात मला हे विचारणारा तो पहिला माणूस. तू विचारलं नाहीस, वकिलानं विचारलं नाही, नवऱ्यानं विचारलं नाही. एका परक्या माणसानं काचेमागून विचारलं, आणि तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता.

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ सांगते. तोंड उघडलं आणि आतून आलं, "नहीं."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तो फिर मैं नहीं लगा सकता. घर जाकर सोचिए." कागद परत सरकवले. मग ऋग्वेदाकडे वळून, "और आप?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघितलं, मुद्दाम. तिनं त्यांना विचारलं, "मीन्स... कॅन से नो, अह?" त्यांना आधी कळलं नाही, मग हसले आणि म्हणाले, "बेटा, इसी लिए तो पूछते हैं." आणि तीही नाही म्हणाली.

बसमध्ये ती रडली. बाबा आता माझ्याशी बोलणार नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, बोलतील. पण मला काय माहीत, दादा? माझ्याशी बोलणं तर तू टाकलंच आहेस. पोरीशी टाकू नकोस. भांडण माझ्याशी आहे, ते माझ्याशीच ठेव.

मी हट्टी आहे म्हणून सही झाली नाही असं गावात सांगशील, तर खुशाल सांग. पण पूर्ण सांग. मी साडी नेसून गेले होते, पेन हातात होतं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. ती एक ओळ त्या कागदात असती तर मी हो म्हणाले असते, आणि ते खरं असतं. अजूनही घाल. एवढीशी ओळ घालायला तू का तयार नाहीस, तेच मला उमगत नाही.

उर्मिला

०

२४ ऑक्टोबर २००६, भाऊबीज

दादा,

उमगलं.

परवा पाडव्याला अंकुरचा ऋग्वेदाला फोन आला होता. शुभेच्छा झाल्या आणि मग तो बोलता बोलता बोलून गेला. त्याला वाटलं, तिला माहीत असेल. रिसॉर्टवाल्यांचा नकाशा आलाय म्हणे. नारळ-पोफळीच्या आगरात बारा कॉटेज, विहिरीच्या जागी कारंजं, आणि जिथं आपलं घर आहे तिथं पोहण्याचा तलाव. दोघींच्या सह्यांसाठी सगळं अडून बसलंय, तू आत्याला समजाव, असं तो तिला म्हणाला.

म्हणजे माडीवरची खोली तुला लिहून देता येईना, कारण माडीच राहणार नव्हती. 'घर तुझंच आहे' असं तू मला फोनवर तीनदा म्हणालास तेव्हा तुला हे माहीत होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना? मी सहा महिने तुझ्याकडे खोली मागत होते आणि तू मला माहेराची शपथ घालत होतास, पाडायला काढलेल्या घराच्या उंबऱ्यात बसून. मला सांगायचं होतंस. दादा, सांगितलं असतंस की मी थकलो, आगर झेपत नाही, अंकुरला तिथं यायचं नाही, तर मी भांडले असते, रडले असते, पण मला तू कळला असतास. आता कळत नाहीस.

आणि मग मी ऋग्वेदाला विचारायला लावलं, आईबाबा कुठं राहणार? अंकुर म्हणाला, माझ्याकडे. हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेतलाय, चांगला आहे, ब्रँडेड आहे.

सोफा-कम-बेड.

मी त्याच दिवशी रूडिगरचं शेवटचं प्रकरण करायला बसले होते. त्यानं मरायच्या आधी जमीन दोन्ही मुलग्यांत वाटली. गढीसुद्धा वाटली, अंगणातून भिंत घातली. थोरला दक्षिणेकडे, धाकटा उत्तरेकडे. म्हाताऱ्याचं काय, ते कागदात नव्हतं. बापाला घरात जागा आहे हे का लिहायचं असतं? पहिल्याच हिवाळ्यात थोरला म्हणाला, बाबांचा पलंग भिंतीच्या पलीकडे येतो. धाकटा म्हणाला, बाबांनी शेकोटीची खोली थोरल्याला दिली, त्यांनी तिथं जावं. लिंडश्टाइगसाहेबांच्या पुस्तकात लिहिलंय, 'तो आपल्या जमिनीवर शांतपणे मरण पावला.' मठाच्या बखरीत दुसरंच आहे, आणि तिची प्रत साहेबांनीच मला दिली होती, बहुधा न वाचता. गिरणी रूडिगरची नव्हतीच. ती त्याच्या बायकोला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळालेली भेट होती, आपल्या स्त्रीधनासारखी, आणि मरताना तिनं ती एल्सबेथच्या नावे करून ठेवली होती. लेखी. तिथं गिरणीच्या वरच्या खोलीत एल्सबेथ एकटी राहायची. शेवटी म्हातारा तिथं गेला. बखरीत लिहिलंय, 'मुलीनं त्याला सरपण व पीठ दिलं, आणि तो तिच्याच खोलीत वारला.'

मी हे साहेबांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग त्यांनी स्वतःच्या पेनानं 'शांतपणे' खोडलं, 'हेकट'सुद्धा खोडलं, आणि म्हणाले, मला दोन नाती आहेत, त्यांना हे वाचू दे. जूनमध्ये कप उचलून गेलेला माणूस बरं का. त्याला जमलं.

आज भाऊबीज. सुमात्रात जंगलं जळतायत, त्याचा धूर महिनाभर इथं भरलाय. समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाही. भाऊ जवळ नसला की आई चंद्राला ओवाळायची, आठवतं? मी तबक घेऊन बाल्कनीत गेले. चंद्र कुठला दिसायला. डोळे चुरचुरायला लागले, ते मी धुरावर ढकललं. ऋग्वेदा मागून आली आणि म्हणाली, "आत्या, मला कर ला. मी बसते." पाट ओढून बसलीसुद्धा, तुझी ती हिरवी साडी नेसून. मुलीला भाऊबीजेला ओवाळतात का? मला माहीत नाही. मी ओवाळलं. कुंकू लावलं, सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या. तिनं ताटात माझ्याच घराची किल्ली टाकली, दुसरं काही नव्हतं म्हणून. मग आम्ही दोघी हसलो.

आता माझं शेवटचं ऐक.

आम्ही सही करत नाही. आमची सही नाही, म्हणजे विक्री नाही. विक्री नाही, म्हणजे घर उभं आहे. रात्री तुला झोप लागत नाही असं वहिनी म्हणते, तर माडीवर जाऊन झोप, तिथं वारा येतो. ती खोली मी तुझ्यासाठीही मागत होते, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

अंकुरच्या फोनवर मागून तुझा आवाज आला म्हणे, की उर्मिलेला सांग, माहेर तुटलं. ठीक आहे. मग तेही रीतसर होऊ दे. तुला लेखीची सवय आहे. स्टँपपेपर आण आणि त्यावर लिही: 'मी, निशिकांत, स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना, शांत चित्ताने लिहून देतो की उर्मिला आजपासून माझी बहीण नाही.' दोन साक्षीदार घे. कोणी विचारलं, आपल्या मर्जीनं करताय ना, तर हो म्हण. मोठ्यानं म्हण, वहिनीलाही ऐकू जाऊ दे. मग कुरिअर कर. ते पाकीट माझ्या हातात पडलं, की माझ्या हक्कसोडपत्रावर सही करून मी त्याच पाकिटातून परत पाठवते.

तोपर्यंत,
तुझी बहीण
उर्मिला